रात्रीची लाईट आणि रोजची दहा गणितं: पाचवीतल्या एका मुलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. दिवाळी उरकली की ऊसतोडीसाठी गाव अर्धं रिकामं होतं. ट्रक-ट्रॅक्टर लागतात, कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ रक्कम) तिच्या नावावर घेतलेली. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली पोरं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे पोरं शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवतात आणि झोपायला आजी-आजोबांकडे जातात.

गोष्ट २०२४-२५ या वर्षातली. त्या साली पाऊस बरा झाला होता आणि विहिरींना पाणी होतं. ही टिपणं मी डिसेंबरात लिहिली असती, तर हे वाक्य त्यात आलंच नसतं. पोराच्या भागाकाराचा आणि विहिरीच्या पाण्याचा काय संबंध?

मुलगा पाचवीतला. खरं नाव वेगळं, इथे बाळू म्हणते. आई-बाप धाकट्या बहिणीला घेऊन ऊसतोडीला, हा आजी आणि आबांजवळ. ऑक्टोबरच्या संकलित चाचणीत गणितात वर्गाच्या मधोमध होता. फार बोलका नाही, पण प्रश्न विचारला की मान वर करून बघणारा. नियम बदलल्यापासून पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर फेरपरीक्षा आणि तीही गेली तर त्याच वर्गात. त्यामुळे पाचवीच्या वर्गशिक्षकाचा जीव वर्षभर टांगणीला असतो, माझाही होता.

अडचण काय दिसत होती

माझ्या वर्गात 'रोजची दहा' चालतात. हजेरीनंतर फळ्यावर दहा गणितं: पाढा, वजाबाकी, एखादा भागाकार, एखादा अपूर्णांक. दहा मिनिटं झाली की वह्या बदलून तपासायच्या आणि आकडा मी माझ्या वहीत टिपायचा. हेतू एवढाच की पोरांना आठवायची सवय लागावी. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलं की ते जास्त टिकतं, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. माझी वही मात्र महिन्याच्या शेवटी सरासरी काढायला तेवढी उघडायची.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं आणि बाळूचे आई-बाप दुसऱ्या रात्री निघाले. पुढच्या सोमवारपासूनचे, म्हणजे २५ नोव्हेंबरपासूनचे, त्याचे सोमवार ते शुक्रवारचे आकडे असे:

पहिला आठवडा: ७, ८, ६, ७, ८
दुसरा आठवडा: ६, ३, २, ३, २
तिसरा आठवडा: ४, ६, ७, ८, ७
चौथा आठवडा: ६, २, ३, २, ३

वाचकांनी इथे थोडं थांबून हे आकडे बघावेत. मी थांबले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात मला एवढंच दिसलं की पोरगं घसरलंय. बाराचा पाढा काल म्हटला, आज येत नाही. भागाकारात वरचा अंक खाली उतरवायचा विसरतो. हाक मारली की दचकतो. शिक्षकांच्या खोलीतल्या चर्चेत माझं वाक्य होतं, "आई-बाप गेले की यांचं असंच होतं." वाक्य खोटं नव्हतं. पण ते तोंडातून गेलं की पुढे विचार करायची गरज उरत नाही, हाच त्याचा दोष.

पहिला उपाय आणि त्याचं फसवं यश

४ डिसेंबरपासून, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या मध्यात, मी शाळा सुटल्यावर पाऊण तास जादा घ्यायला लागले. पुढच्या आठवड्यात आकडे सात-आठवर गेले. मी खूश. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मी हे उदाहरण ठासून सांगितलंसुद्धा: मूल मागे पडलं की वेळ वाढवा.

चौथ्या आठवड्यात पुन्हा दोन-तीन.

माझ्या डोक्यातलं गणित तोवर असं होतं: वेळ घातला तर आकडा वाढतो, वाढलेलाही होता, मग आता घसरला तर पोरगं लक्ष देत नाही. म्हणून जादा तास सहापर्यंत नेला. आणि एक गोष्ट केली ती लिहायला जड जातं, पण ती गाळली तर या टिपणाला अर्थ उरणार नाही. मी त्याला वर्गासमोर उभं करून पाढे म्हणायला लावले, तीन दिवस. अडखळला की पोरं हसायची आणि मी त्यांना थांबवायची, पण उशिरा.

पाचवा आठवडा आधीच्या चढउताराप्रमाणे चांगला जायला हवा होता. नाताळची सुट्टी वगळून चार दिवस भरले, पोरगं चारच्या वर गेलंच नाही. आता तर बऱ्या दिवसांतही त्याला येईना झालं होतं.

मागे वळून पाहता पहिल्या 'यशा'नेच माझा घात केला. तो चढ माझ्या तासामुळे नव्हता, तो येणारच होता. आकडा तळाला असताना आपण उपाय करतो, मग तो वर येतो आणि श्रेय उपायाला जातं. अंगारा-धुपाऱ्याला गुण येतो तो असाच.

समोर असलेले पर्याय

जानेवारीच्या सुरुवातीला माझ्यापुढे तीन-चार वाटा होत्या.

जादा तास आणखी वाढवणे. मुख्याध्यापक सरांचं मत हेच. ते स्वतः कंदिलाखाली शिकलेले, कष्टाला पर्याय नाही हा त्यांचा अनुभव.

अध्ययन अक्षमतेची तपासणी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता एकवीस प्रकारांत मोजली आहे आणि तपासणीचा मार्ग उपलब्ध आहे. मी अर्ज लिहायलाही घेतला होता.

तिसरा पर्याय माझा नव्हता, एका पालकाने आणला. तालुक्याला कुणी 'मेंदू जागा करण्याचे' वर्ग घेत होतं, पोरं डोळ्यांना पट्टी बांधून वाचतात म्हणे. नाकाशेजारी राहिलेल्या फटीतून दिसतं, त्यात मेंदूचा काही संबंध नाही, हे मी त्यांना घडीचा रुमाल बांधून करून दाखवलं. पण एक मनात राहिलं. तो भोंदू वर्ग आणि माझा जादा तास यांत एक साम्य होतं: दोघांनाही वाटत होतं की मेंदूला एक कळ आहे, ती दाबली की दिवा लागतो.

चौथा पर्याय, काहीच न करणे, एप्रिलची परीक्षा समोर असताना कुणी बोलून दाखवत नाही.

निर्णयाचा पहिला क्षण: सरासरी पाच

समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका ६ जानेवारीला शाळेत आल्या. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवून विचारलं, "चांगल्या दिवशी किती येतं?"

मी म्हटलं, "सरासरी पाच."

"सरासरी नको. चांगल्या दिवशी?"

वही उघडली. पहिल्या चार आठवड्यांच्या वीस दिवसांची बेरीज शंभर, सरासरी बरोबर पाच. आणि त्या वीस दिवसांत पाच हा आकडा एकदाही आलेला नव्हता. ज्या मुलाला मी 'पाचवाला' समजून शिकवत होते तो वर्गात कधी आलाच नव्हता. येत होती ती दोन वेगळी पोरं, एक सात-आठवालं आणि एक दोन-तीनवालं, आळीपाळीने.

बाई म्हणाल्या, अक्षमता असेल तर ती चांगल्या आठवड्यात सुट्टीवर जात नाही. तपासणीचा पर्याय त्यांनी बंद केला नाही, पुढे ढकलला. सगळ्यांत मोलाची गोष्ट त्यांनी सांगितली ती ही: आकडा किती हे नंतर बघा, आधी तो कशाच्या तालावर हलतोय ते बघा.

मी पोरांसमोरच कॅलेंडर काढून बसले. बाळूच्या गल्लीतली एक मुलगी पाठीमागून वहीत डोकावत होती. म्हणाली, "बाई, त्या हप्त्यात तर रातची लाईट व्हती."

शेतीपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने मिळते. आमच्या फीडरला, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीला, त्या हंगामात एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री दहानंतर, असा फेरा होता. लाईट रात्रीची असली की रानाला पाणीही रात्रीच द्यावं लागतं. पाळी सोमवारी बदलायची. आता वरचे आकडे पुन्हा बघा. दुसरा आणि चौथा आठवडा रात्रीच्या लाईटीचा. पण दोन्हींतला सोमवार सहाचा, कारण सोमवारी सकाळी पोरगं रविवारची झोप घेऊन आलेलं, पहिलं जागरण त्या रात्रीचं. आणि तिसऱ्या आठवड्यातला सोमवार चारचा, कारण मागच्या जागरणांची थकबाकी अजून फिटलेली नव्हती. एक दिवसाचा तो सरकलेला आकडा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. महावितरणचं वेळापत्रक माझ्या गुणवहीत उमटलं होतं आणि मी त्याला 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता.

आबांच्या ओसरीवर

संध्याकाळी घरी गेले. आबांची दीड एकर जमीन: एकरभर हरभरा, उरलेल्यात गहू आणि थोडं कडवळ. विहीर सामाईक. मोटार दोन-अडीच तास चालली की विहीर उपसते, झरे भरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा. त्यामुळे एका रात्रीत काम उरकत नाही, हप्ताभर रोज थोडं थोडं.

"त्याला रात्री पाणी द्यायला नेता का?" मी विचारलं.

"नेतो की. म्या एकला दारं कसं धरू, बाई? मोतीबिंदूनं रातचं काय दिसतंय मला? बॅटरी त्यो धरतो, वाफा भरला का त्यो सांगतो. पाय कुठं पडंल, काय असंल, कसं कळावं?"

यावर काय बोलणार? पोराला नेऊ नका म्हणणं म्हणजे आबांना अंधारात एकटं पाठवणं. बाळू त्या घरातला डोळा होता.

बाळू शेजारीच बसलेला. बोलण्यात बोलणं म्हणून मी विचारलं, किती वाफे असतात रे? "चौदा." एकाला किती वेळ? "बारा मिंट." मग सगळे भरायला? त्याने वर पाहिलंही नाही. "पावनेतीन तास. वर तीन मिंट." मी मनात पडताळलं: चौदा बारे एकशे अडुसष्ट. बरोबर. १६८ ला १२ने भागा हे गणित याच पोराने फळ्यावर सोडून दिलं होतं.

पुढे फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं तोंडी हिशेब चोख करतात, तेच वहीवर आलं की अडतात; आणि शाळेत वहीवर जमणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. मला तो वाचून नवल वाटलं नाही. ओसरीवर मी तेच पाहिलं होतं.

मेंदूबद्दल मला नव्याने काय समजावं लागलं

डी.एड.ला आम्ही मेंदूचे भाग पाठ केले होते. कुठल्या भागाचं काम काय, जोड्या जुळवा. यंत्राचे सुटे भाग शिकावेत तसं. मोटार बंद पडली तर फ्यूज, स्टार्टर, केबल असं एकेक तपासत जाता येतं, दोष सापडला की मोटार पूर्ववत. मोटार गुंतागुंतीची असली तरी तिच्यात एका भागाचा दोष त्या भागात सापडतो. रानातल्या हरभऱ्याचं तसं नाही. पाणी, थंडी, माती, धुकं, घाटेअळी, सगळं एकमेकांवर काम करतं. आणि हरभऱ्याला पाणी जास्त झालं की दाणा वाढत नाही, पीक उभळतं, पिवळं पडून वाळतं. दुप्पट पाण्याला दुप्पट उतारा हा हिशेब तिथे चालत नाही, हे आमच्या पट्ट्यात कुणालाही सांगावं लागत नाही. पोराच्या डोक्याबाबत मात्र आम्ही सगळे दुप्पट पाण्यावरच विश्वास ठेवतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेकीचे हजारो जोड. शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के असणारा हा अवयव मोठ्या माणसात ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो. त्याच्यात 'बाराचा पाढा' नावाची एक पेटी नसते. पाढा आठवणं हे अनेक ठिकाणच्या पेशी त्या क्षणी एकत्र जुळून आल्या तर घडतं. झोप, भूक, भीती, कालची उजळणी, शेजारी कोण बसलंय, यांतलं काहीही ते जुळणं बिघडवू शकतं किंवा सावरू शकतं.

बाळूच्या बाबतीत मला तीन धागे दिसले आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांच्यातल्या गाठी.

पहिला झोपेचा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम गाढ झोपेत चालतं. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात दिवसभर तात्पुरतं टिपलेलं तेव्हा पुन्हा घोळवलं जातं. म्हणजे जागरणाचा फटका दुहेरी: कालचं पक्कं होत नाही आणि आज नवं टिपायची ताकदही कमी. २०२४च्या सुरुवातीला शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, कारण मुलांची झोप. तेव्हा आम्ही हसलो होतो. आमची शाळा दहालाच भरते, झोपेचा प्रश्न पुण्या-मुंबईचा, असं मी धरून चालले होते.

दुसरा धागा मनात धरून ठेवण्याच्या जागेचा. १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ती एका वेळी सात गोष्टींच्या आसपास सांगितली, २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. भागाकारात भाग लाव, गुण, वजा कर, अंक उतरव, एवढ्यानेच ती जागा भरते. झोप नसलेल्या पोराची आधीच कमी.

तिसरा भीतीचा, आणि तो मी पुरवला होता. 'आता उभं करतील' हा विचारही त्याच जागेत बसतो. मग अंक उतरवायचा राहतो, चूक होते, पोरं हसतात, भीती वाढते, जागा आणखी कमी होते. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्याला ढकलायला रात्रीच्या लाईटीचीही गरज उरत नाही. पाचवा आठवडा झोपेचा असूनही चारवर का अडला, त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

केलेल्या गोष्टी

उभं करून पाढे म्हणवणं त्याच दिवशी बंद. सगळ्यांसाठी. बाळूला एकट्याला बोलावून म्हटलं, "माझं चुकलं, मला रात्रीचं माहीत नव्हतं." तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

जादा तास बंद. यावर मुख्याध्यापक सरांशी वाद झाला. परीक्षा तीन महिन्यांवर आणि तुम्ही तास काढून घेता? मी वही दाखवली. ते म्हणाले, "एक महिना बघा." हे त्यांचं मोठेपण, मी त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते की नाही कोण जाणे.

दुपारच्या खिचडीनंतर वाचनाच्या खोलीत सतरंजी. ज्याला पडायचं त्याने वीस मिनिटं पडावं. "शाळेत झोपायला येतात का?" हा प्रश्न एका पालकाने विचारला, पुढे शाळा व्यवस्थापन समितीत निघाला आणि तिथे सर माझ्या बाजूने बोलले. पहिल्या दिवशी बाळूसह चार पोरं झोपली. एका मुलीला पडवेना, ती पुस्तक घेऊन बसली, तेही चाललं.

रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात त्याला नवा घटक द्यायचा नाही, जुनीच उजळणी. नवं सगळं दिवसाच्या आठवड्यात. वर्गात असं दोन गतींनी शिकवणं कागदावर दिसतं तितकं सोपं नाही आणि ते मला निम्म्या वेळा जमलं नाही.

गणितं वाफ्यांवर. 'एकशे अडुसष्ट मिनिटं, बारा मिनिटाला एक वाफा, वाफे किती?' आधी तोंडी, मग तेच वहीत, मग वाफा पुसून नुसते आकडे. तोंडी ते वहीवर हा पूल बांधायला तीन आठवडे गेले. या प्रकरणातलं खरं शिकवणं बहुधा हेच.

रात्रीचं काय, ते आबांनीच सोडवलं. मी फक्त वही नेऊन आकडे दाखवले: ही तुमची रात्रीची लाईट, हे याचे मार्क. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चार दिवसांनी कळलं, विहिरीच्या वाटेकऱ्याशी त्यांनी सावड केली. तो रात्री आबांचंही दारं धरणार, बदल्यात दिवसा त्याची जनावरं आबा सांभाळणार. हप्त्यातल्या पाच-सहा रात्रींवरून बाळूच्या दोन झाल्या. मी गेले असते तर 'बालहक्क' वगैरे बोलून बसले असते. सावड मला सुचली नसती.

याच सुमारास आरोग्य पथकाची तपासणी झाली आणि मधे खंड पडलेली लोहाची आठवड्याची गोळीही पुन्हा सुरू झाली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं श्रेय वाटताना ते आड येतं.

निर्णयाचा दुसरा क्षण: फेब्रुवारी

जानेवारीअखेर आकडे सहा ते आठ. रात्रीच्या आठवड्यातही पाचच्या खाली नाही. मी पुन्हा खूश, पुन्हा बोलायला लागले: सगळा झोपेचा प्रश्न होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोरगं दोनवर आलं. लाईट दिवसाची. सतरंजीवर झोपही होत होती. मी आबांना विचारलं, रात्री नेलं का? नाही म्हणाले. मग मला बाळूचाच राग यायला लागला. थोडक्यात, डिसेंबरात मी जिथे उभी होते तिथेच परत आले होते. 'वेळ' काढून त्या जागी 'झोप' बसवली होती, कळ एकच हा हट्ट कायम.

या वेळी मी आकड्याला उपाय करायला धावले नाही, एवढाच फरक. दोन दिवस नुसतं पाहिलं. मधल्या सुट्टीत तो सरांच्या खोलीच्या दाराशी घुटमळायचा, कारण वस्तीतल्या पोरांना आई-बापांचे फोन कधी कधी सरांच्या मोबाईलवर येतात. विचारल्यावर कळलं: फडात आईच्या हाताला कोयता लागला होता, टाके पडले होते आणि चार दिवस फोन नव्हता. सरांनी मुकादमाला फोन लावला. आई बोलली. दुसऱ्या दिवशी चार, शनिवारी सकाळच्या शाळेत सात.

अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या चार दिवसांत भागाकाराला जागा का असावी, हा प्रश्न मी माझ्या वहीच्या समासात लिहून ठेवला आहे.

निकाल

एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत गणितात पन्नासपैकी सव्वीस. वर्गात वरून अकरावा. पास होण्यापुरते झाले आणि थोडे वर. ज्याची अपेक्षा नव्हती ते मराठीत घडलं: वाचन ढळढळीत सुधारलं, आणि त्यासाठी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. सतरंजीवरच्या इतर तिघांपैकी दोघांचे रोजच्या दहाचे आकडे वाढले, एकाचे जागचे हलले नाहीत.

कशाने काय झालं? झोप, गोळी, भीती जाणं, वाफ्यांचं गणित, आबांची सावड, सगळं एकाच महिन्यात घडलं. माझ्याकडे वेगळं करून दाखवायला काही नाही. सर म्हणतात, "तुमचा उपाय लागू पडला." मी कुठला ते विचारत नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

वही आधी उघडेन. आकडे नोव्हेंबरापासून माझ्याच कपाटात होते. सरासरी काढण्याआधी ते ओळीने लिहून नुसते बघेन, आणि पोरांनाही बघू देईन. मला जे सहा आठवडे दिसलं नाही ते त्या मुलीला एका नजरेत दिसलं.

घरी आधी जाईन. माझा जादा तास आबांना सहापर्यंत ताटकळत ठेवायचा, जनावरांचं पाणी बाळूच पाजायचा, मग जेवण उशिरा, आणि त्यावर रात्र. म्हणजे त्या तासाने झोपेतूनच वेळ कापला होता, हे मला फेब्रुवारीत समजलं.

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाचा गुण आला ते कळेल, असं शास्त्र सांगतं. हे मात्र मी आजही करणार नाही. पोरगं प्रयोगाची कुंडी नाही, एप्रिल थांबत नव्हता.

पहिल्या यशानंतर दोन आठवडे गप्प बसेन. शिक्षण परिषदेत दिलेलं ते उदाहरण ऐकून दोन शाळांनी जादा तास सुरू केले होते. त्यांना फोन करून सांगायला मला मार्च उजाडला. एकीने बंद केले, दुसरीत अजून चालू आहेत.

उभं करण्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

सध्या

बाळू सहावीत आहे, याच शाळेत, वर्ग माझा नाही. आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सौर पंपाचा अर्ज भरलेला आहे. खोलीत कॅलेंडरशेजारी आम्ही आता फीडरचं वेळापत्रक चिकटवतो, लाईनमनकडून मागून आणलेलं. यंदाचं अजून आलेलं नाही, उद्या पुन्हा फोन करायचा आहे.